खुलं पत्र: गुळाची पट्टी मिळते तशी डॉलरची पण पट्टी द्या की

परदेशातनं पैसे आणून देणाऱ्या पेमेंट कंपन्यांनो, आणि बँकेत फॉरेक्सच्या, म्हणजे परकी चलनाच्या काउंटरला बसणाऱ्या साहेब-मॅडम लोकांनो,

नमस्कार. मी कोल्हापूरचा, सुभाषनगरातला. आमच्या घरात आजोबांपासनं चपलेचं काम. वडील अजून सकाळी रापी घेऊन बसतात, आई वेण्या घालते, दोन कारागीर येतात, आणि मी बी.कॉम. झालो म्हणून माझ्याकडं हिशोब आणि मोबाईल आला. चार वर्षांपूर्वी वेबसाइट काढली. नाव इथं लिहीत नाही, जाहिरात करायला बसलो नाही. कुणा एका कंपनीला किंवा एका शाखेला शिव्या घालायला पण बसलो नाही, तीन कंपन्या आणि दोन बँका बदलून झाल्यात, सगळीकडं थोड्याफार फरकानं तेच, म्हणून सगळ्यांना मिळून एकच पत्र.

आधी एक सांगतो. माझ्या मामाचं गुऱ्हाळ हाय, पन्हाळ्याच्या बाजूला. लहानपणी मी मामाबरोबर मार्केट यार्डात जायचो, गुळाचे रवे उतरायचे, सौदा व्हायचा, आणि सौदा झाला की मामाच्या हातात एक कागद यायचा, त्याला पट्टी म्हणतात. इतके रवे, इतकं वजन, हा दर, एवढे झाले, त्यातनं हमाली एवढी, तोलाई एवढी, गाडीभाडं एवढं, हातात एवढे. मामा चौथी शिकलेला. पण पट्टी बघून गाडीत बसल्या बसल्या सांगायचा की यावेळी तोलाई जास्त लावली, आणि पुढच्या फेरीला जाऊन भांडायचा पण. भांडता यायचं कारण कागदावर लिहिलेलं असायचं.

आता माझं बघा. माझ्याकडं लॅपटॉप हाय, डॅशबोर्ड हाय, त्यात रंगीत आलेख हायत, आणि रात्री जेवताना आई विचारते, "त्या अमेरिकेच्या जोडाचं किती आलं रं?" तर मला सांगता येत नाही. खरंच येत नाही. पाच-सहा दिवसांनी बँकेत एक रक्कम येते, त्यात चार ऑर्डरी एकत्र असतात, दोन डॉलरच्या, एक युरोची, एक पौंडाची, सगळ्याचे मिळून रुपये. कुठल्याचा दर काय लागला, कुठल्यातनं किती कापलं, काय कळत नाही. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणतात "सर, बँकेच्या रेटनं होतं", बँकेत विचारलं तर म्हणतात "आमच्याकडं रुपयातच आलेत, कंपनीला विचारा."

म्हणून मी एकदा वहीच घेऊन बसलो. आकडे सोपे धरू. ६५ डॉलरचा जोड, त्या दिवशी बाजारात डॉलर ९० रुपये. म्हणजे ५,८५० व्हायला पाहिजेत. तुमचं पान म्हणतं फी ३ टक्के अधिक जीएसटी. बरं, मान्य. पण फी कापायच्या आधीच डॉलरचा दर ८८ रुपये २० पैसे लावलाय, म्हणजे ५,७३३ झाले. मग ३ टक्के म्हणजे १७२, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१, हातात ५,५३०. एकूण गेले ३२०. त्यातले २०३ तुम्ही लिहून दाखवले आणि ११७ दरात मुरले. ह्या ११७ चं नाव कुठंच नाही. घ्या की, धंदा करताय, फुकट कुणी राबत नाही, आम्ही पण राबत नाही. पण लिहून घ्या. गुजरीत सोनार सुद्धा आजचा भाव पाटीवर लिहितो आणि मजुरी वेगळी सांगतो, भावात मुरवत नाही, मुरवली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जातं.

काहीजण म्हणतील, मग रुपयातच विक की, कशाला चार चलनं लावायची. पहिलं वर्ष तेच केलं. साइटवर ४,९९९ रुपये, बस्स. लोक यायचे, बघायचे, जायचे. जर्मनीतल्या एका बाईंनी मेल करून विचारलं, हे युरोत किती, आणि माझी बँक वर परदेशी व्यवहाराचे पैसे लावणार का. मला ते माहीतच नव्हतं, की गिऱ्हाइकाच्या कार्डावर रुपयात बिल पडलं तर त्याची बँक दर लावते, वर बऱ्याच कार्डांना परदेशी व्यवहाराची फी पण लागते. म्हणजे त्याला शेवटी किती गेले हे महिन्याच्या स्टेटमेंटलाच कळणार. आपण तरी अशी वस्तू घेऊ का? युरो, डॉलर, पौंड लावल्यावर ऑर्डरी वाढल्या हे खरं. आणि जून २०२५ ला इटलीच्या प्राडा ह्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आमच्यासारखी चप्पल मिरवली, आधी कोल्हापूरचं नाव पण घेतलं नाही, मग सगळीकडनं बोंब झाली तेव्हा कबूल केलं, त्या गोंधळात जगभरातल्या लोकांनी "कोल्हापुरी" शब्द टाइप केला. माझ्या साइटवर एका आठवड्यात जेवढी माणसं आली तेवढी आधीच्या सहा महिन्यांत आली नव्हती. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, तर आपल्याला २०१९ ला मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात हायत. पण जीआयनं गिऱ्हाईक दारात येतं, पैसे घरात यायला तुमच्याच दारातनं यावं लागतं.

चलनं लावली आणि नवीन शाळा सुरू झाली. साइटवर पैसे घ्यायची जी सिस्टीम असते ती रक्कम सगळ्यात छोट्या नाण्यात मागते. १०० रुपये म्हणजे १०,००० पैसे, ६५ डॉलर म्हणजे ६,५०० सेंट. म्हणून प्लगिन, म्हणजे साइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, काय करतं, किंमत आली की शंभरनं गुणतं, विषय कट. पण जपानच्या येनला खाली काहीच नसतं, ९,५०० येन म्हणजे ९,५०० च. आमच्या प्लगिननं सवयीप्रमाणं गुणलं आणि ओसाकाच्या एका गिऱ्हाइकाला साडेनऊ लाख येन मागितले. एका चपलेच्या जोडाचे. कार्डानं नकार दिला म्हणून वाचलो, नाहीतर मी आज हे पत्र लिहीत नसतो, कुठंतरी जबाब लिहून देत बसलो असतो.

आणि कुवेतचं उलटं. कुवेती दिनारचे हजार फिल्स होतात, शंभर नाही. बहरीन आणि ओमानचं पण तसंच हजाराचं. तर २० दिनारचा कापशी चपलेचा जोड, प्लगिननं पाठवले २,०००, सिस्टीम समजली २,००० फिल्स, कापले फक्त दोन दिनार. मला कळलंच नाही. ऑर्डर हिरवी झाली, पेड दिसली, मी जोड पाठवून दिला, कागदावर किंमत २० दिनार. आठवड्यानं बँकेत बघतो तर जेवढे यायला पाहिजेत त्याच्या दहावा हिस्सा पण नाही.

माणूस गडहिंग्लजचा निघाला, तिकडं नोकरीला. फोन केला तर हसायला लागला, म्हणाला मला वाटलं दिवाळी सेल असंल. प्रामाणिक माणूस. म्हणाला माझा भाऊ गडहिंग्लजला असतो, तो आत्ता तुला गुगल पे करतो राहिलेले. आणि पाच मिनिटांत पैसे आले पण. मी खूश, आई खूश.

खरी मजा इथनं पुढं हाय. माल देशाबाहेर गेला की शिपिंग बिलाचा, म्हणजे कस्टमला भरून द्यायच्या कागदाचा, आकडा रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस नावाच्या सिस्टीममध्ये जातो, आणि तिकडनं परकी चलन आलं की बँकेनं ते त्या बिलाला जोडून नोंद बंद करायची असते. आता माझं बिल २० दिनारचं, परदेशातनं आले २, आणि राहिलेले १८ दिनारचे रुपये आले गडहिंग्लजहून. सिस्टीमला गडहिंग्लज माहीत नाही. तिच्या लेखी १८ दिनार अजून कुवेतमध्येच हायत आणि मी ते आणलेले नाहीत. जास्त दिवस नोंद उघडी राहिली तर पुढं माल पाठवायला अडचण, बँकेची पत्रं, वर दंड. परदेशातल्या आपल्या लोकांना माल विकणाऱ्या सगळ्यांना हे कळकळीनं सांगतो, "माझा भाऊ जीपे करतो" म्हणलं की मोह होतो, फी वाचते, लगेच येतात, पण भावाकडनं घेऊ नका. माझ्या ओळखीतल्या दोघांची अशीच पंधरा-वीस बिलं उघडी पडलीत आणि त्यांना ते माहीतच नव्हतं, बँकेची नोटीस आल्यावर कळलं.

मी काय केलं, भावाचे पैसे परत पाठवले, कुवेतच्या माणसाला नवीन लिंक पाठवली. पण प्लगिन तेच! १८ टाकले तर १.८ कापणार. म्हणून मी डोकं लढवून १८० टाकले, म्हणजे १८ कापले जातील. तर त्या माणसाचा फोन, "भावा, १८० दिनार दिसायलेत, जोड सोन्याचा हाय का?" त्याला समजावून सांगता सांगता माझी मिसळ गार झाली. शेवटी कापले १८ च, आले. मग बँकेत गेलो, म्हणलं हे दोन रेमिटन्स, म्हणजे परदेशातनं आलेल्या दोन रकमा, २ आणि १८, हे एक बिल २० चं, जोडा आणि बंद करा. साहेब म्हणाले, एका बिलाला दोन रेमिटन्स? पुण्याला विचारावं लागेल.

"पुण्याला विचारावं लागेल" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आमच्या घरात आता त्याची म्हणच झालीय. वडिलांना चहा घेणार का विचारलं की म्हणतात पुण्याला विचारून सांगतो.

साहेब, मला कळतंय तुमची पण अडचण हाय. शाखेत माणसं कमी, फॉरेक्सचं काम पुण्या-मुंबईच्या सेंटरला जातं, तुमच्या हातात फक्त स्कॅन करून पाठवायचं. आणि कोल्हापुरात एक्स्पोर्टची माहिती नाही असं पण नाही. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांची कास्टिंगची बिलं तुम्ही डोळं झाकून करता, एका बिलात कंटेनरभर माल आणि लाखांचे आकडे. पण तीच पद्धत, तोच फॉर्म, तेवढेच कागद तुम्ही माझ्या एका जोडाला लावता. त्यांचं महिन्याला चार बिलं, माझी साठ. त्यांची कोटीची, माझी सगळी मिळून तीन-साडेतीन लाखाची. तुम्ही बिलामागं पाचशे लावले तर त्यांच्या चहाचा खर्च, माझ्या वेणीची मजुरी.

जीएसटीचंच बघा. चलन बदलून द्यायच्या सेवेवर जो जीएसटी लागतो त्यात एक लाखापर्यंतच्या रकमेला एक टक्का ही सेवेची किंमत धरतात, पण कमीत कमी २५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे कमीत कमी ४५ रुपये. २५,००० रुपये आले तरी ४५ आणि तीन हजार आले तरी ४५. हा नियम तुम्ही केलेला नाही, माहीत हाय. पण ज्या दिवशी माझ्या खात्यात तीन वेगवेगळे छोटे रेमिटन्स आले त्या दिवशी १३५ गेले आणि स्टेटमेंटवर फक्त "चार्जेस" लिहून आलं. कशाचे, कुठल्याचे, काही नाही. ते ४५ कसे झाले हे मी स्वतः नियम वाचून शोधलं, तुमच्यातल्या कुणी सांगितलं नाही.

आणि स्विफ्टनं, म्हणजे परदेशी बँकेतनं थेट आपल्या बँकेत येणाऱ्या पैशाची तर वेगळीच जत्रा. लंडनच्या एका छोट्या दुकानानं एकदा १५० डॉलर थेट बँकेतनं पाठवले. इथं पोचले १२८. बावीस डॉलर कुठं गेले? तर मध्ये एक बँक असते, तिनं घेतले. पाठवताना खर्च कुणाचा हे लिहायचं असतं, सगळा पाठवणाऱ्याचा, दोघांत वाटून, का घेणाऱ्याचा, आणि त्या दुकानवाल्या बाईंना पण माहीत नव्हतं आणि मला पण. आता मी प्रत्येकाला आधीच लिहून कळवतो की खर्च सगळा तुमच्याकडचा धरा नाहीतर लिंकनंच द्या. पण बिल १५० चं आणि आले १२८, की परत तेच, २२ डॉलर कमी का ह्याचं पत्र द्या, त्या बँकेचा पुरावा आणा. मी कुठनं आणू? मला त्या मधल्या बँकेचं नाव सुद्धा कुणी सांगेना.

तर आता मुद्द्याचं. १ ऑक्टोबर २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं एक परिपत्रक काढलंय. छोट्या एक्स्पोर्टरसाठीच काढलंय. त्यात लिहिलंय की १० लाखांपर्यंतचं बिल असेल तर एक्स्पोर्टरनं "पैसे आले" असं स्वतः लिहून दिलं की त्यावर नोंद बंद करायची. बिलापेक्षा रक्कम कमी आली असेल तरी ते त्याच्या लिहून देण्यावर मान्य करायचं. प्रत्येक बिलाला वेगळं पत्र नको, तीन महिन्यांचं एकत्र दिलं तरी चालतं. आणि कागदाला उशीर झाला म्हणून बँकेनं दंड लावायचा नाही. म्हणजे मी वर जेवढं रडलो त्यातलं निम्मं ह्या एका कागदात मिटलंय! आमच्यासारख्यासाठी ह्यापेक्षा सोपं काय असू शकतं? मी वाचलं तेव्हा मला खरं वाटेना, सीएला पाठवलं, तो म्हणाला खरं हाय.

मी प्रिंट काढून बँकेत घेऊन गेलो. साहेबांनी वाचलं, दोनदा वाचलं, म्हणाले आम्हाला असं काही आलेलं नाही, आलं तर वरनं येईल. नोव्हेंबरमध्ये गेलो, डिसेंबरमध्ये गेलो. एकदा म्हणाले हे मोठ्या शाखेला असतं. मोठ्या शाखेत गेलो तर ते म्हणाले तुमचं खातं ज्या शाखेत तिथंच. शेवटी म्हणाले, बरोबर.. पुण्याला विचारावं लागेल.

मधल्या काळात आणखी एक बदल झाला, पैसे आणायची मुदत नऊ महिन्यांवरनं पंधरा महिने केली, नोव्हेंबर २०२५ ला. तो मात्र तुम्हाला लगेच कळला, मला काउंटरवर सांगितलं पण. कारण त्यात कुणाला काही करायचं नव्हतं ना, नुसतं थांबायचं होतं.

सरकारी काम सगळं वाईट असं मी म्हणत नाही. एक्स्पोर्ट करायला लागणारा आयईसी कोड ५०० रुपयात घरात बसून काढला, पॅनवरच असतो, दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करायचा एवढं लक्षात ठेवलं की झालं. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता माल बाहेर पाठवायचं हमीपत्र, ऑनलाइन होतं, एक रुपया लागत नाही. कुरिअरचं शिपिंग बिल कुरिअरवालाच भरतो. अडतं कुठं, तर पैसे आल्यानंतर. माल जाईपर्यंत गाडी हायवेला, आणि पैसे यायला लागले की गाडी थेट चिखलात.

पर्पज कोडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. परदेशातनं कुठलाही पैसा आला की तो कशाचा ह्याचा एक कोड लागतो. मालाच्या ॲडव्हान्सला वेगळा, सॉफ्टवेअरला वेगळा, घरखर्चाला पाठवलेल्याला वेगळा. माझ्या एका रेमिटन्सला कुणीतरी पी१३०१ टाकला. तो म्हणजे परदेशातल्या आपल्या माणसानं कुटुंबाच्या खर्चाला पाठवलेले पैसे. पाठवणारी बाई फ्रान्सची! आता मी वडिलांना काय सांगू, फ्रान्सला आपलं कोण हाय? हसायचा विषय हाय, पण तो कोड बदलून घ्यायला मला सात आठवडे लागले, तोपर्यंत ते एक्स्पोर्टचे पैसे म्हणून धरलेच जात नव्हते.

पेमेंट कंपन्यांनो, तुम्ही हसू नका, तुमच्याकडं येतो परत. ऑक्टोबर २०२३ पासनं परदेशी व्यवहार करणाऱ्या तुमच्यासारख्यांना रिझर्व्ह बँकेनं थेट आपल्या नियमाखाली घेतलं, एका वस्तूला २५ लाखांपर्यंतची मुभा दिली. चांगलं झालं. पण वादाचं काय? टोरंटोच्या एका गिऱ्हाइकानं जोड घेतला आणि महिन्यानं कार्ड कंपनीकडं तक्रार टाकली, वस्तू खराब हाय, चालताना आवाज येतो. अहो, करकर वाजणारी चप्पल हाय ती! आवाजाचेच पैसे घेतलेत! साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, व्हिडिओ हाय. आमच्याकडं वाजली नाही तर गिऱ्हाईक परत आणून देतं. तुम्ही मला पुरावा द्यायला सात दिवस दिले, मेल आला शनिवारी रात्री, इंग्रजीत, त्यात कारणाचा एक नंबर आणि खाली चार ओळी. मी व्हिडिओ दिला, वडिलांनी तळाच्या थरात काय घालतात ते दाखवलं, तुम्ही म्हणालात फाईल फक्त पीडीएफ चालते. आवाजाची पीडीएफ कशी काढायची ते मला अजून कळलं नाही.

शेवटी मी टोरंटोच्या त्या गिऱ्हाईक बाईंनाच मेल केला. त्या चांगल्या निघाल्या, त्यांनी तक्रार मागं घेतली. पण तुमची वादाची फी गेली ती गेलीच, आणि मधल्या दिवसांत तुम्ही रक्कम कापून ठेवली होती ती त्या दिवशीच्या दरानं, म्हणजे मला आले होते त्यापेक्षा तीनशे रुपये जास्त कापले, आणि परत दिली ती परत खालच्या दरानं. एकच जोड, पैसा इकडनं तिकडं तीनदा फिरला, आणि प्रत्येक फेरीला मुरलेला वाटा तुमच्याकडं. कोल्हापूर-मुंबई एसटीला पण परतीचं तिकीट तेवढंच असतं हो.

साधा रिफंड पण असाच. माप चुकलं, गिऱ्हाइकानं पैसे मागितले. त्याला डॉलरात पूर्ण ६५ द्यायचे, मला आले होते ५,५३०, आणि परत द्यायला जातात ५,९०० च्या वर. घेतलेली फी तुम्ही परत देत नाही. बरं जोड परत मागवायचा तर येणं-जाणं जोडापेक्षा महाग. म्हणून मी सांगतो, ठेवा तुमच्याकडंच, कुणाला तरी द्या. २९ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेनं ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलची सूट बंद केली, त्याच्या आधी चार दिवस पोस्टानं पण तिकडची पार्सलं थांबवली, ती ऑक्टोबरच्या मध्याला सुरू झाली. त्या दोन महिन्यांत माझ्या अकरा ऑर्डरी रद्द झाल्या आणि अकराच्या अकरा रिफंडात हा फरक मी खिशातनं भरला. ह्यात चूक तुमची नव्हती, माझी पण नव्हती. पण पैसे फक्त माझेच गेले.

माझा सीए दर महिन्याला विचारतो, एका जोडाच्या तीन किमती कशा? शिपिंग बिलावर कस्टमचा जाहीर दर, जीएसटीला पण तोच धरायचा, तुमच्याकडनं आलेला दर वेगळा, आणि दुपारी जाहीर होणारा डॉलरचा रेफरन्स रेट वेगळा. मी म्हणतो तुम्हीच सांगा. तो म्हणतो फरकाची एक वेगळी ओळ करू आणि टाकू त्यात. आमच्या वहीत ह्या ओळीला नाव दिलंय "वाऱ्यावर".

मागणी काय, ते आता नीट सांगतो. पेमेंट कंपन्यांनो, प्रत्येक ऑर्डरची एक पट्टी द्या. गिऱ्हाइकानं दिले इतके, ह्या चलनात. त्या दिवशीचा बाजारातला दर हा, आम्ही लावला हा, दरात घेतले इतके रुपये. फी इतकी, जीएसटी इतका. हातात इतके, ह्या तारखेला, ह्या नंबरच्या जमेत. खाली पर्पज कोड आणि रेमिटन्सचा कागद. एका पानात मावतं. मराठीत द्या, नाहीतर निदान अशा इंग्रजीत द्या जे आमच्या गल्लीतला दहावी झालेला पोरगा वाचेल. तुमच्याकडं हे सगळे आकडे असतातच, नसतील तर तुम्ही तुमचा हिशोब कसा करता? आणि येन-दिनारचं काम प्लगिनवाल्याचं म्हणून ढकलू नका, चलनाला किती दशांश असतात ह्याची यादी जगात ठरलेली हाय, साडेनऊ लाख येनची चप्पल आली तर तुमच्या सिस्टीमनं एकदा तरी विचारायला पाहिजे, "बाबा, नक्की का?"

बँकेच्या साहेबांनो, तुमच्याकडं मागणी त्याहून छोटी. १ ऑक्टोबरच्या परिपत्रकाची एक प्रिंट काढा आणि काउंटरच्या काचेला चिकटवा, "सुट्टे पैसे द्यावेत" ची पाटी लावलीय तिच्या शेजारी. तीन महिन्यांचं एकत्र लिहून द्यायचा एक फॉर्म ठेवा. आणि अख्ख्या जिल्ह्यात एक माणूस असा ठरवा की ज्याला हे माहीत हाय, त्याचा टेबल नंबर बाहेर लिहा. चप्पल, हुपरीची चांदी, गूळ, मसाला, इचलकरंजीचं कापड, सगळ्यांची पोरं आता ऑनलाइन विकायला लागलीत, सगळे छोटे-छोटे आकडे घेऊन तुमच्याच दारात येणार. पुण्याला विचारायचं ते एकदाच विचारून ठेवा.

मी माझ्या तीन महिन्यांतल्या उघड्या राहिलेल्या ४७ बिलांची यादी करून ठेवलीय, वर "सदर रक्कम मिळाली आहे" असं लिहून सही करून. येत्या सोमवारी साडेदहाला घेऊन येतो. परिपत्रकाची प्रिंट पण दोन प्रती आणतो, एक तुमच्यासाठी.

आपला,
सुभाषनगरातला एक चप्पलवाला

ता.क. जपानचं पान साइटवर बंद ठेवलंय. ओसाकावाल्यांचा परत मेल आलाय, त्यांना तोच जोड पाहिजे, सात नंबर, पिवळा गोंडा. दशांशाचं दुरुस्त झालं की कळवा, त्यांना मी "लवकरच" म्हणून सांगितलंय.